राखणदाराची खोप

१. शेताला राखण लागते

ज्वारी हुरड्यात आली की पाखरे येतात. मग आपण शेतात माळा घालतो. माळ्यावर माणूस बसतो. त्याच्या हातात गोफण असते. तो हाकारे घालतो, गोफण फिरवतो, आणि पाखरांचा थवा उठतो. रात्री रानडुकरे येतात. तेव्हा राखणदाराला शेतातच मुक्काम करावा लागतो. त्याच्यासाठी आपण बांधाला खोप उभी करतो. चार मेढी रोवतो, वर पाचटाचे छप्पर घालतो. वारा लागू नये आणि अंगावर पाणी पडू नये, एवढीच ती सोय. घरून त्याची भाकरी जाते.

म्हणजे राखणदाराला दोन गोष्टी लागतात. एक भाकरी आणि दुसरी खोप. या दोन्ही मिळाल्या तर तो टिकतो. नाही मिळाल्या तर दुसऱ्या दिवशी तो दिसत नाही.

आता झाडाचा विचार करा. झाडाला पाय नाहीत. अळी आली म्हणून ते पळू शकत नाही. त्याला हात नाहीत. पानावर बसलेली कीड ते झटकू शकत नाही. मग झाड करते काय? काही झाडे आपल्यासारखीच राखणदार ठेवतात. त्यांना भाकरी देतात. आणि नवल म्हणजे, त्यांच्यासाठी खोपही बांधतात.

हे राखणदार कोण? काही झाडांचे राखणदार मुंग्या आहेत. काही झाडांचे राखणदार मुंगीहूनही कितीतरी बारीक आहेत. त्यांना कोळी म्हणतात. हे मासे धरणारे कोळी नव्हेत, आणि भिंतीवर जाळे करणारे मोठे कोळीही नव्हेत. त्यांची ओळख पुढे होईल.

ही कहाणीतली गोष्ट नाही, बरं का! अशी खोप द्राक्षाच्या पानावर असते. ढबू मिरचीच्या पानावरही असते. आपण ती रोज पाहतो, पण ओळखत नाही. काही वेळा तिला रोग समजतो आणि औषधाचा पंप पाठीला लावतो. मग पैसा जातो, विष अंगावर येते, आणि राखणदारही मरतो. म्हणून ही खोप ओळखायला शिकले पाहिजे.

२. आधी भाकरी पाहू

खोपीच्या आधी भाकरी पाहू. ती पाहायला भिंग लागत नाही.

बांधावर एरंड असेल. त्याचे एक मोठे पान धरा. देठ जिथे पानाला मिळतो तिथे पाहा. हिरवे, मण्यासारखे बारीक उंचवटे दिसतील. त्यांतून गोड रस पाझरतो. हात लावला तर थोडे चिकट लागते. आता थोडा वेळ थांबा. एखादी मुंगी तिथे येईल आणि रस चाटील.

फुलात मध असतो हे आपल्याला ठाऊक आहे. तो मधमाशीसाठी असतो. मधमाशी येते, पराग नेते, आणि फळ धरते. पण एरंडाचा हा रस फुलात नाही. तो देठावर आहे. तिथे पराग नाही. मग तो कुणासाठी? तो मुंगीसाठी आहे. मुंगी रसासाठी झाडावर फिरते. फिरता फिरता तिला किडीची अंडी सापडतात, कोवळी अळी सापडते. ती ते उचलून नेते. अळी मोठी असली तर तिला चावते. झाडाचे काम झाले!

अशी भाकरी आणखी पुष्कळ झाडे देतात. कापसाच्या पानाची पाठ पाहा. मधल्या शिरेवर एक खोलगट ठिपका असतो. त्यातून रस येतो. चवळीच्या शेंगा जिथे लागतात त्या दांड्यावर मुंग्या का जमतात? तिथेही रस असतो. बाभळीच्या पानाच्या दांड्यावरही रसाच्या गाठी असतात. शिराळ्याच्या पलीकडे चांदोलीच्या जंगलात ऐन उभा आहे. ऐनाचे पान उलटे करा. देठाजवळ दोन लहान गाठी दिसतील. त्याही याच कामाच्या.

पण भाकरी खाऊन मुंगी आपल्या वारुळात परत जाते. रात्री अळी आली तर? पाऊस आला तर? राखणदार झाडावरच राहावा असे वाटत असेल तर त्याला झाडावरच घर पाहिजे.

३. घर कुणी बांधले?

झाडावर आपल्याला तीन प्रकारची घरे दिसतात. ती नीट वेगळी ओळखली पाहिजेत.

पहिला प्रकार. कोकणात आणि घाटात आंब्यावर तांबड्या मुंग्यांचे घर दिसते. हिरवी पाने एकमेकांना जोडून केलेला तो गोळा असतो. मुंग्या पाने ओढून धरतात. मग आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या तोंडातून निघणाऱ्या धाग्याने पाने शिवतात. हे घर मुंग्यांनी स्वतः बांधलेले आहे. आंब्याने फक्त पाने दिली.

दुसरा प्रकार. करंजाची पाने पाहा. त्यांवर हिरव्या, उभट गाठी येतात. पान खडबडीत दिसते. त्या गाठीत फार बारीक कोळी राहतात. ते पानाचा रस खातात. त्यांच्या उपद्रवाने पानाची वाढ बिघडते आणि तिथे गाठ तयार होते. कोळी आलाच नाही तर गाठही येत नाही. हे घर झाडाने राजीखुशीने दिलेले नाही. चोराने दार फोडून मुक्काम टाकला, असे ते आहे.

तिसरा प्रकार आपल्या धड्याचा आहे. हे घर झाड स्वतः बांधते. राखणदार येण्याच्या आधीच बांधते. कधी राखणदार येतच नाही. तरी घर तयार असते. बंद खोलीत, एकही कीटक न येऊ देता असे झाड वाढवले तरी त्याच्यावर घर तयार होते. म्हणजे घराचा नकाशा झाडाच्या बीजातच आहे. बापाच्या नाकाची ठेवण जशी मुलाकडे येते, तशी ही घराची ठेवण एका झाडाकडून दुसऱ्याकडे येते.

झाडांच्या या घरांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वीच गेले. स्वीडन देशातील लुंडस्ट्रम नावाच्या शास्त्रज्ञाने १८८७ साली त्यांना नाव दिले. ते नाव ज्या शब्दावरून घेतले त्याचा अर्थ ‘लहान घर’ असा आहे. आपण त्याला खोपच म्हणू.

४. पोकळ फांदीचे झाड

आता मुंग्यांची खोप पाहू. त्यासाठी आपल्याला सह्याद्रीच्या दक्षिण भागात जावे लागेल. कर्नाटकातील कोडगूच्या आणि केरळच्या पावसाळी जंगलात हम्बोल्टिया नावाचे झाड आहे. ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. आपल्या चांदोलीत ते नाही. पण डोंगराची रांग एकच आहे.

या झाडाच्या काही फांद्या मध्येच फुगलेल्या असतात. दोन पेऱ्यांमधला भाग जाड दिसतो. ऊस डोळ्यांसमोर आणा. उसाला जशी पेरे असतात तशीच ही. पण उसाचे कांडे आतून भरीव असते. या झाडाचे फुगलेले कांडे आतून पोकळ असते.

ते पोकळ कसे होते? फांदी कोवळी असते तेव्हा ते कांडे फुगते. फांदीच्या मध्यभागी मऊ गर असतो. तो गर वाळतो आणि आत पोकळी राहते. मग कांड्याच्या वरच्या टोकाशी एक फट आपोआप उघडते. तेच दार. मुंग्यांना भोक पाडावे लागत नाही. घर बांधून, दार उघडून झाड तयार असते. मुंग्या आत येतात, अंडी घालतात, पिल्ले वाढवतात. कोवळ्या पानांवर आणि फुलांच्या कळ्यांवर गोड रस असतो. तो खायला त्या बाहेर येतात. भाकरी आणि खोप, दोन्हींची सोय एकाच झाडावर झाली.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यांना दिसले की या खोपीत नाना तऱ्हेचे भाडेकरू राहतात. पांढुरक्या पायांच्या एका जातीच्या मुंग्या झाडाची खरी राखण करतात. बाकीच्या बऱ्याच मुंग्या नुसत्या राहतात. एका लहान माशीचे घरटेही आत असते. आणि गंमत पाहा, झाडावर राहणारे एक गांडूळही या पोकळ फांदीत सापडते!

मग राखण न करणारे हे भाडेकरू फुकटे का? तसे दिसत नाही. त्यांची घाण खोपीत साठते. त्या घाणीतले सत्त्व झाड आतल्या बाजूने शोषून घेते. म्हणजे झाडाला घरातच खत मिळते. राखण केली नाही तरी घरभाडे दिले, असे म्हणू या.

या झाडाच्या सगळ्याच रोपांना खोप नसते. एकाच जंगलात काही झाडांना फुगलेली कांडी असतात आणि काहींना नसतात. माणसांत जसे सगळ्यांचे केस कुरळे नसतात, तसे हे आहे.

५. परदेशची बाभूळ

आपल्या बाभळीला काटे आहेत. काटा म्हणजे झाडाचे कुंपण. मेक्सिको आणि त्याच्या खालच्या देशांत बाभळीच्या नात्यातले एक झाड आहे. त्याचे काटे बैलाच्या शिंगांसारखे जाड आणि फुगीर असतात. काटा कोवळा असतो तेव्हा मुंग्यांची राणी त्याच्या टोकाजवळ भोक पाडते. आतला मऊ गर ती कोरून काढते आणि आत अंडी घालते. पुढे सगळे झाड मुंग्यांनी भरून जाते.

थॉमस बेल्ट नावाच्या इंग्रज माणसाने निकाराग्वा देशात हे पाहिले आणि १८७४ साली आपल्या पुस्तकात लिहिले. त्याने लिहिले की या मुंग्या म्हणजे झाडाची फौज आहे. पुष्कळांना ते पटले नाही. मग डॅनियल जॅन्झन या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्वतः करून पाहिले. त्याने काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या आणि काहींवर तशाच ठेवल्या. मुंग्या काढलेल्या झाडांना किडीने खाल्ले. वेलींनी त्यांना वेढले. मुंग्या असलेली झाडे जोमाने वाढली. हा अभ्यास १९६६ साली छापून आला. ऐकीव गोष्ट आणि करून पाहिलेली गोष्ट यांत हा फरक असतो.

या झाडाची आणखी एक गोष्ट २०१९ साली कळली. त्याचे रोप लहान असते तेव्हा त्याला फुगीर काटे नसतात. रसाच्या गाठीही नसतात. रोप ठराविक वयाचे झाले की दोन्ही येतात. असे का? घर बांधायला आणि भाकरी द्यायला खर्च लागतो. अजून रोपाची मुळे धरायची आहेत, पाने वाढायची आहेत. त्या वयात राखणदार ठेवणे परवडत नाही. आपणही घरचा जम बसल्यावरच गडी ठेवतो, नाही का?

६. पानाच्या पाठीवरची खोली

आता आपल्या मुलखात परत येऊ. ईश्वरपूरच्या, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूरच्या भोवती ऊस, हळद आणि भाजीपाला आहे. पुढे पलूस, तासगावकडे गेले की द्राक्षाच्या बागा लागतात. तिथे दुसऱ्या प्रकारची खोप आहे. ती मुंगीची नाही. ती कोळ्याची आहे.

कोळी फार बारीक असतो. बारीक रव्याच्या कणाएवढा किंवा त्याहूनही लहान. बहुतेक कोळ्यांना आठ पाय असतात. कीटकाला सहा पाय असतात. म्हणून कोळी हा कीटक नव्हे.

सगळे कोळी सारखे नसतात. त्यांचे तीन गट लक्षात ठेवा.

काही कोळी पानाचा रस शोषतात. लाल कोळी हा त्यांतला एक. तो पडला की पानावर फिकट ठिपके येतात आणि बारीक जाळी दिसते. हा आपला शत्रू.

काही कोळी दुसऱ्या कोळ्यांना आणि फुलकिड्यांच्या पिल्लांना खातात. यांना शिकारी कोळी म्हणू. हे आपले मित्र.

काही कोळी बुरशी खातात. पानावर वाढणारी बुरशी ते चरतात, जशी शेळी बांधावरचे गवत चरते. हेही आपले मित्र.

या मित्र कोळ्यांना पानावर राहणे सोपे नसते. ऊन लागले की ते वाळतात. वारा आला की उडतात. त्यांना खाणारे दुसरे किडेही असतात. त्यांना अंडी घालायला आणि कात टाकायला आडोसा लागतो.

द्राक्षाचे पान उलटे करा. देठापासून मोठ्या शिरा निघतात. त्या शिरांना फाटे फुटतात. शीर जिथे फुटते त्या बेचक्यात पाहा. पुष्कळ जातींत तिथे केसांचा बारीक झुपका असतो. तीच खोप. त्या केसांच्या आत कोळी बसतो. ढबू मिरचीच्या पानावरही असाच झुपका शिरांच्या बेचक्यात असतो. कॉफीच्या पानावर झुपक्याच्या जागी बारीक खड्डा असतो. कापराच्या झाडाच्या पानावरही असे खड्डे असतात. झाडाप्रमाणे घराची तऱ्हा बदलते. पण जागा एकच, शिरांचे बेचके. जमिनीवरही आपण आडोसा पाहतो तो दोन बांधांच्या कोपऱ्यातच.

ही खोप कशी होते? पान कोवळे असते तेव्हाच तिची तयारी सुरू होते. झाडाच्या अंगात वाढीची द्रव्ये असतात. मूळ कुठे फुटावे, शीर कुठून जावी, हे ती ठरवतात. अमेरिकेतील रानद्राक्षांवर अभ्यास करणाऱ्यांना असे दिसले आहे की खोप तयार होण्यातही या द्रव्यांचा हात आहे. बेचक्याच्या जागी केस दाट वाढतात आणि झुपका होतो. पान मोठे होईपर्यंत खोप तयार झालेली असते.

आपल्याकडे द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. छाटणीनंतर वेल नवी पाने काढते. प्रत्येक नव्या पानाबरोबर वेल नव्या खोपीही बांधते. त्याची मजुरी कुणी देत नाही.

सगळ्या जातींत झुपका सारखा नसतो. काहींत तो दाट असतो, काहींत विरळ, काहींत जवळजवळ नसतोच. माणसाने द्राक्षाची निवड करताना घड पाहिला, मणी पाहिला, गोडी पाहिली. पानाची पाठ कुणी पाहिली नाही.

७. खोपीचा उपयोग होतो का?

कोणी म्हणेल, “एवढ्याशा केसांनी काय हुतंय?” शंका बरोबर आहे. म्हणून दोन प्रयोग सांगतो.

पहिला प्रयोग द्राक्षाचा. भुरी आपल्याला माहीत आहे. पानावर आणि मण्यांवर राखेसारखी पांढरी बुरशी येते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील शास्त्रज्ञांनी रानद्राक्षाच्या वेली घेतल्या. काही पानांवरच्या खोपी त्यांनी बंद केल्या आणि काहींवर उघड्या ठेवल्या. खोपी उघड्या होत्या तिथे बुरशी खाणारे कोळी टिकले आणि भुरी कमी वाढली. खोपी बंद होत्या तिथे कोळी कमी झाले. हा अभ्यास २००० साली छापून आला.

दुसरा प्रयोग कापसाचा. कापसाच्या पानावर अशी खोप नसते. अमेरिकेतील अगरवाल आणि कार्बन या दोघांनी कापसाचेच तंतू घेतले आणि पानाच्या शिरांच्या बेचक्यांत त्यांचे बारीक झुपके बसवले. म्हणजे माणसाने खोप बांधून दिली! मग काय झाले? त्या झाडांवर शिकारी कीटक वाढले. पाने खाणारे कोळी घटले. बोंडेही जास्त धरली. हे १९९७ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे खोप दिली तर राखणदार येतो आणि राखणदार आला तर पिकाला फायदा होतो.

पण एक गोष्ट सांगून ठेवतो. या खोपींमुळे आपल्या बागेतली भुरी आपोआप जाईल, असे समजू नका. रोग जोराचा आला तर उपाय करावाच लागतो. राखणदार चोऱ्या कमी करतो. दरोडा पडला तर तो एकटा पुरा पडत नाही.

८. रोग की खोप?

आता सगळ्यांत कामाची गोष्ट. बागेत फिरताना कोणी पान उलटे करतो आणि म्हणतो, “मामा, पानाखाली काय तरी पांढरं दिसतंय. रोग असंल. मारा औषध!” मामांनी काय करावे? घाई करू नये. आधी नीट पाहावे.

खोप असेल तर झुपका फक्त शिरांच्या बेचक्यांत असतो. दोन शिरांच्या मधल्या मोकळ्या जागेत नसतो. झाडाच्या बहुतेक पानांवर तो त्याच जागी असतो. वरून पान हिरवे आणि निरोगी असते.

केवडा, म्हणजे डाऊनी असेल तर पानावर वरून तेलकट, पिवळे डाग दिसतात. त्याच डागाच्या खाली पांढरी बुरशी असते. ती कुठेही असते. बेचके पाहून येत नाही.

भुरी असेल तर राखेसारखी पांढरी पूड पसरलेली दिसते. बोटाने पुसली तर निघते.

गाठी करणारा कोळी असेल तर पान वरून फुगलेले दिसते आणि त्या फुगीर जागेच्या खाली लोकरीसारखी साय असते.

एवढे पाहिले तर पुष्कळ गोंधळ टळेल. तरी शंका राहिली तर पान घेऊन कृषी सहायकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात जावे. विचारण्यात कमीपणा नाही.

९. राखणदाराला मारू नका

आपण किडीवर जे मारतो त्याला औषध म्हणतो. पण ते विष आहे. ते शत्रू आणि मित्र यांत फरक करीत नाही. काही विषे अशी आहेत की ती मारली की लाल कोळी थोडे कमी होतात, आणि मग पहिल्यापेक्षा जास्त वाढतात. असे का होते? कारण शत्रूबरोबर शिकारी कोळीही मेले. शत्रू लवकर वाढतो. मित्र हळू वाढतो. मध्ये त्याला अडवणारे कुणी राहत नाही. मग पुन्हा फवारणी. पुन्हा खर्च. उधारी दुकानदाराच्या वहीत वाढत जाते. पंप धरणाऱ्याचे डोळे चुरचुरतात, हात भाजतात.

म्हणून गरज असेल तेव्हाच फवारावे. गरज आहे की नाही हे पानाची पाठ पाहून ठरवावे. शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारावे, असे करू नये. मारायचेच असेल तर मित्र कीटकांना कमी त्रास देणारे कोणते, हे विचारून घ्यावे. तोंड झाकावे. हातमोजे घालावेत.

१०. मुंगी नेहमीच मित्र नसते

आणखी एक सावधगिरी. मुंगी राखण करते असे वाचले, म्हणून द्राक्षाच्या बागेत मुंग्या वाढू देऊ नका. द्राक्षावर पिठ्या ढेकूण पडतो. तो पांढरा, पिठासारखा किडा घडात शिरतो. त्याच्या अंगातून गोड, चिकट पाणी निघते. मुंगीला ते आवडते. मग ती त्या ढेकणाचीच राखण करते! त्याला खायला आलेल्या मित्रकिड्यांना ती हाकलून लावते. जो भाकरी देईल त्याची मुंगी राखण करते. झाडाने दिली तर झाडाची, ढेकणाने दिली तर ढेकणाची.

तेव्हा ‘मुंगी चांगली’ किंवा ‘मुंगी वाईट’ असे एकदम ठरवू नये. ती कुठे आहे, कुणाचे खाते, आणि काय करते, ते पाहावे. कोळ्याचेही तसेच. नाव ऐकून मारू नये. काम पाहून ठरवावे.

करून पाहा

१. दहापट मोठे दाखवणारे एक भिंग घ्या. गावात पाचजणांत मिळून एक घेतले तरी चालेल.
२. ढबू मिरचीचे एक पान आणि द्राक्षाचे एक पान तोडा. सकाळची वेळ चांगली. दोन्ही पाने उलटी करा.
३. शिरांची बेचकी शोधा. झुपका दिसतो का पाहा.
४. सुईच्या टोकाने केस हळूच बाजूला करा. काही हलते का? चपळ धावणारा, चकाकणारा, फिकट कोळी असेल तर तो बहुधा शिकारी आहे. संथ चालणारा, जाळीत बसलेला असेल तर तो बहुधा रस शोषणारा.
५. आपण पाहिले ते वहीत लिहा. तारीख टाका. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा आणि लिहा. लिहायला शिकलो त्याचा हा उपयोग आहे. डोळ्यांनी पाहिलेले विसरते, वहीत लिहिलेले राहते.

लक्षात ठेवा

काही झाडे मुंग्यांना आणि मित्र कोळ्यांना गोड रस देतात. काही झाडे त्यांना घरही देतात.
हे घर झाड स्वतः बांधते. राखणदार आला नाही तरी ते तयार होते.
करंजाच्या पानावरची गाठ किडीमुळे होते. द्राक्षाच्या पानावरचा झुपका किडीमुळे होत नाही.
पानावर दिसलेली प्रत्येक वेगळी गोष्ट म्हणजे रोग नव्हे.
आधी पाहा, मग विचारा, आणि मगच फवारा.

नवे शब्द

बेचके – दोन फांद्या किंवा दोन शिरा जिथे फुटतात ती जागा.
झुपका – एका जागी दाट वाढलेले केस किंवा गवत.
बुरशी – पानावर, भाकरीवर किंवा ओल्या लाकडावर वाढणारी बारीक वनस्पतीसारखी वाढ. भुरी ही एक बुरशी आहे.
शिकारी कोळी – दुसऱ्या बारीक किड्यांना खाणारा कोळी.
भिंग – बारीक वस्तू मोठी करून दाखवणारी काच.

प्रश्न

१. एरंडाच्या देठावरचा रस कुणासाठी असतो? तो फुलात का नसतो?
२. आंब्यावरचे मुंग्यांचे घर, करंजावरची गाठ आणि द्राक्षाच्या पानावरचा झुपका यांत फरक काय?
३. हम्बोल्टियाच्या फांदीत राहणारे भाडेकरू झाडाला कोणते भाडे देतात?
४. परदेशच्या बाभळीच्या लहान रोपाला फुगीर काटे का नसतात?
५. केवडा आणि खोप कशी ओळखाल?
६. पिठ्या ढेकूण आणि मुंगी यांचे काय नाते आहे?
७. तुमच्या घरी गेल्या वर्षी फवारणीवर किती पैसे खर्च झाले? हिशोब मांडा. त्यांतल्या किती फवारण्या पान पाहून केल्या आणि किती शेजाऱ्याचे पाहून केल्या, ते घरात सगळ्यांनी बसून लिहा.